मंदीच्या दिवसांत घरगुती व्यवसाय उभा करताना: आधी रोकड, मग नफा

नाशिकच्या अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतल्या पाळ्या कमी झाल्या की त्याची झळ सिडकोतल्या स्वयंपाकघरांना लगेच लागते. २०२० मध्ये माझ्या यजमानांचा ओव्हरटाइम बंद झाला, पाठोपाठ पगारही निम्म्यावर आला, तेव्हा मी आणि माझ्या जाऊबाईंनी घरी काळा मसाला करून विकायला सुरुवात केली. तेव्हापासून जे शिकले ते मसाल्याच्याच उदाहरणाने मांडते, कारण तो हिशेब मला तोंडपाठ आहे. शिवणकाम, पोळीभाजीचे डबे किंवा घरगुती उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्यांनाही तो थोड्याफार फरकाने लागू पडेल. माझ्या पाहण्यातले जे छोटे व्यवसाय अडचणीच्या काळात बंद पडले, त्यांतल्या बहुतेकांच्या मालाला गिऱ्हाईक होते. त्यांच्या हातातली रोकड संपली होती. म्हणून कोणताही खर्च करण्यापूर्वी, घातलेला पैसा परत यायला किती दिवस लागतील, हे आधी कागदावर लिहावे.

व्यवसाय निवडताना घरात जे साधन आहे आणि हाताला जी सवय आहे, तिथूनच सुरुवात करावी. नवे यंत्र, भाड्याचा गाळा, रंगीत पाटी यांपैकी पहिल्या सहा महिन्यांत काहीही लागत नाही. शेजारीपाजारी चव घेऊन "फार छान झालंय, सुरूच करा" म्हणतात, पण त्या कौतुकावर माल भरू नये. पहिली वीस पाकिटे पैसे घेऊनच द्यावीत, आणि त्यांतल्या किती जणी महिन्याभरात स्वतःहून पुन्हा मागतात हे पाहावे. आमच्या पहिल्या वीस जणींपैकी अकरा जणी परत आल्या. उरलेल्या नऊ जणींना विचारले तेव्हा तिघींनी तिखटपणाची तक्रार केली आणि इतरांना पाव किलोचे पाकीट एकदम घेणे जड जात होते. त्यानंतर आम्ही ५० आणि १०० ग्रॅमची पाकिटे काढली. मंदीत माणसे जेवणे थांबवत नाहीत, ती लहान पाकीट घेतात. पगार झाल्यावरच्या आठवड्यात पाव किलो आणि २० तारखेनंतर १०० ग्रॅम, अशी आमची विक्री आजही चालते.

आता किमतीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. समजा, मिरची, धने, खोबरे, तेल आणि खडा मसाला मिळून दहा किलोचे साहित्य ३,२०० रुपयांना आले आणि कांडपाचे ३०० रुपये झाले. नवी माणसे इथेच थांबतात, ३,५०० ला दहाने भागतात, ३५० रुपये किलो पडले असे समजतात आणि ४५० ला विकून शंभर रुपये सुटल्याचा आनंद मानतात. प्रत्यक्षात मिरचीची देठे निघतात, भाजताना ओल जाते, कांडपात थोडे उडते, आणि दहा किलोचा साधारण नऊ किलो मसाला हाती येतो. शिवाय भाजण्याचा गॅस १०० रुपये, ये-जा करण्याचे पेट्रोल १५० रुपये, पाव किलोची ३६ पाकिटे आणि लेबले मिळून १८० रुपये. एकूण रोख खर्च ३,९३० रुपये झाला. नऊ किलो ४५० च्या भावाने विकले तर ४,०५० रुपये येतात, म्हणजे दोन बायकांनी दिवसभर ठसका सोसून केलेल्या कामाचे मिळून १२० रुपये उरतात. प्रत्येकीची मजुरी ५०० रुपये धरली, तर खरा खर्च किलोमागे सुमारे ५४८ रुपये आहे. आपली मजुरी खर्चात धरायला घरातल्या बायका संकोचतात आणि मला त्याचे फार वाईट वाटते. उद्या मदतीला कोणी ठेवायची वेळ आली तर तिला ती मजुरी द्यावीच लागणार आहे, हे लक्षात ठेवून ती पहिल्या दिवसापासून किमतीत धरावी.

खरेदीबाबत थोडा वेगळा सल्ला देते. उन्हाळ्याच्या तोंडाला नवी मिरची येते तेव्हा वर्षाची भरून ठेवावी, ही घरची रीत आहे आणि घरासाठी ती योग्यच आहे. व्यवसायात मात्र वर्षभराची मिरची म्हणजे वर्षभर गोणीत अडकलेला पैसा होय. पहिल्या वर्षी आम्ही गाठीचे सगळे पैसे मिरचीत घातले आणि जूनमध्ये पाकिटे घ्यायलाही पैसे उरले नाहीत. हल्ली आम्ही तीन महिन्यांपुरतीच भरतो. पुढे किलोमागे थोडे जास्त मोजावे लागतात, पण हातात खेळते भांडवल राहते. अडचणीच्या दिवसांत हा जादा भाव देणे मला परवडणारे वाटते.

उधारीविषयी स्वतःचा अनुभव सांगते. दुसऱ्या वर्षी एका मिसळवाल्यांनी दर आठवड्याला पाच किलोची मागणी दिली. नाशिकमध्ये मिसळीच्या काळ्या रश्शाला मागणी कायम असते, त्यामुळे आपले भाग्य उजळले असेच आम्हाला वाटले. पहिले दोन आठवडे रोख पैसे आले, मग "महिन्याचा एकदम करू" असे ठरले, आणि आमच्या उधारीच्या वहीतले त्यांचे पान १८,४०० रुपयांवर पोहोचले असताना त्यांचे शटर खाली आले ते आले. आमच्याकडे बिल नव्हते, माल पोहोचल्याची सही नव्हती, लहान उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणीही नव्हती. तेव्हापासून नियम केला: पहिली तीन बिले रोख, त्यानंतर जास्तीत जास्त पंधरा दिवसांची मुदत, आणि जुने बिल चुकते झाल्याशिवाय नवा माल नाही. एकाच गिऱ्हाइकाकडे एकूण विक्रीच्या एक तृतीयांशाहून जास्त माल जाऊ देत नाही.

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनच्या आधारे सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याची गरज नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि लेखी करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने व्याज लागते. मालाची देवघेव सुरू होण्याआधीच नोंदणी केलेली असावी, म्हणजे पुढे वाद उरत नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा नोंदणीही घ्यावी. लहान उत्पादकासाठी तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, आणि तो क्रमांक पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तारीख, किंमत आणि पत्त्यासोबत छापावा लागतो. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही.

भांडवलासाठी भिशी उचलू नये. भिशीचा हप्ता ठरल्या तारखेला द्यावाच लागतो, व्यवसायातले पैसे मात्र त्यांच्या सवडीने येतात. केंद्र सरकारच्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज तारणाशिवाय मिळते. मोठ्या यंत्रासाठी जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी. त्यात १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण ते रोख हाती पडत नाही, कर्जखात्याशी जोडलेले राहते. त्यामुळे अनुदानाच्या भरवशावर माल उचलू नये. कर्ज यंत्रासाठी घ्यावे, घरखर्चासाठी कधीही घेऊ नये, आणि व्यवसायाचे बँक खाते घरच्या खात्यापासून पहिल्याच महिन्यात वेगळे करावे.

विक्रीची जागा आणि हंगाम यांचा विचार नाशिकमध्ये वेगळा करावा लागतो. निफाड, चांदवड, दिंडोरीकडे कांद्याचा आणि द्राक्षांचा भाव पडला की शहरातल्या मेन रोड आणि रविवार कारंजा या बाजारपेठांतली गर्दीही ओसरते. त्यामुळे लासलगावच्या कांदा बाजारभावावर लक्ष ठेवून मी पुढच्या महिन्याचा माल कमीजास्त करते. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात रोख विक्री चांगली होते, मात्र पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की ते घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायांशी यायला वेळ लागत नाही, म्हणून नदीकाठी राखीव माल ठेवू नये. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आशेने अनेक जण आतापासूनच गाळे आणि साठा करू लागले आहेत. गर्दी येईल यात शंका नाही, पण मेळा सरल्यावरही नेहमीच्या गिऱ्हाइकांना दोन महिन्यांत विकता येईल एवढाच जादा माल भरावा.

वाढ करताना आम्ही दुसरा पदार्थ आणण्याआधी त्याच मसाल्यासाठी दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक शोधले: आधी घरे, मग किराणा दुकाने, मग खानावळी. तीन महिन्यांचा घरखर्च आणि व्यवसायखर्च बाजूला पडल्यावर देठ काढायला शेजारच्या दोघींना किलोच्या दराने काम दिले. स्वतःचे कांडपाचे यंत्र घेण्यासाठी आम्ही एक खूण ठरवली होती. कांडपाचे मासिक बिल सलग सहा महिने यंत्राचा हप्ता आणि वाढीव वीजबिल यांच्या बेरजेहून जास्त यायला हवे होते. पाचव्या महिन्यात ते कमी आले, म्हणून आम्ही मोजणी पहिल्यापासून सुरू केली, आणि यंत्र पुढच्या वर्षी घेतले.