दोन न्यूट्रॉनांनी बदलणारा आकार : न्यूक्लियर स्ट्रक्चरमध्ये येऊ पाहणाऱ्या खान्देशातल्या मुलामुलींसाठी

१२२३ आणि २१३. या दोन आकड्यांमुळे मी या विषयात आले. झिर्कोनियम-९८ च्या केंद्रकाची पहिली ‘टू प्लस’ अवस्था, म्हणजे स्पिन दोन असलेली उत्तेजित अवस्था, १२२३ केईव्हीवर आहे (केईव्ही हे ऊर्जेचं एकक). दोन न्यूट्रॉन वाढले की झिर्कोनियम-१०० होतं आणि तीच अवस्था एकदम २१३ केईव्हीवर उतरते. जळगावला एम.एस्सी. करताना सरांनी हे फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, ‘असं का, ते उद्या सांगा.’ दुसऱ्या दिवशी वर्गात कुणालाच सांगता आलं नाही. मला नीट कळायला पुढची चार वर्षं लागली.

हल्ली चोपडा, अमळनेर, शहाद्याकडून फोन येतात, ‘ताई, यात पीएच.डी. करायची तर सुरुवात कुठून करू?’ फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सुरुवात आलेखाच्या कागदापासून करा. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचा ‘नूडॅट’ हा माहितीसाठा इंटरनेटवर फुकट आहे. त्यातून झिर्कोनियमच्या सम आयसोटोपांची पहिली टू प्लस घ्या : ९० ला २१८६, ९२ ला ९३४, ९४ ला ९१९, ९६ ला १७५०, ९८ ला १२२३, १०० ला २१३, १०२ ला १५२. हे ठिपके स्वतःच्या हाताने मांडा. मग त्याच कागदावर मॉलिब्डेनम : ९८ ला ७८७, १०० ला ५३६, १०२ ला २९७, १०४ ला १९२. झिर्कोनियममध्ये ४० प्रोटॉन असतात; त्याची रेघ ६० न्यूट्रॉनांपाशी, म्हणजे झिर्कोनियम-१०० ला, कड्यावरून कोसळते, मॉलिब्डेनमची घाट उतरल्यासारखी सावकाश येते. दोघांत फरक फक्त दोन प्रोटॉनांचा. माझा तो कागद अजून माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटलाय, पण टाकवत नाही.

आता आकडा खाली येतो म्हणजे काय होतं ते. केंद्रक गोल असेल तर क्वांटम नियमांनुसार त्याच्या फिरण्याला अर्थच उरत नाही, कारण कुठूनही पाहिलं तरी ते तसंच. त्याला उत्तेजित करायचं तर आतली घडण हलवावी लागते आणि त्याला बरीच ऊर्जा पडते. पण केंद्रक भरताच्या वांग्यासारखं लांबट झालं की ते फिरू शकतं, आणि नुसतं फिरायला फार ऊर्जा लागत नाही. दुसरी खूण म्हणजे स्पिन चारच्या ‘फोर प्लस’ अवस्थेच्या ऊर्जेला ‘टू प्लस’च्या ऊर्जेने भागून येणारं गुणोत्तर. पक्क्या लांबट केंद्रकात ते ३.३३ कडे जातं, गोल राहून थरथरणाऱ्या केंद्रकात २ च्या आसपास असतं. झिर्कोनियम-१०० ला २.६५ येतं, १०२ ला ३.१५. म्हणजे आकार ठरत ठरत जातोय.

बी.एस्सी.ला आपण २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ हे मॅजिक नंबर पाठ करतो : इतके प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की केंद्रक विशेष पक्कं असतं. मारिया गोप्पर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये त्यांचं कोडं सोडवलं, १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पाठांतरात एक गोष्ट राहून जाते : न्यूट्रॉन फार वाढले की हे आकडे टिकतीलच असं नाही. कॅल्शियम-४० मध्ये २० न्यूट्रॉन आहेत, टू प्लस ३९०४ केईव्हीवर. मॅग्नेशियम-३२ मध्येही २० च न्यूट्रॉन, पण टू प्लस ८८५ वर. २० ची मॅजिक तिथे विरून गेलेली असते. याचा पहिला सुगावा १९७५ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत सोडियमच्या जड आयसोटोपांची वस्तुमानं मोजताना लागला. झिर्कोनियमचं कारण थोडं वेगळं. केंद्रकातही प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या ठरलेल्या कक्षा असतात. न्यूट्रॉन त्यातल्या जी-७/२ कक्षेत भरू लागले की ते प्रोटॉनांना जी-९/२ कक्षेकडे ओढतात, प्रोटॉनांची ४० वरची ऊर्जेची फट बुजते आणि लांबट आकार स्वस्त पडतो. फेडरमन आणि पिटेल यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही कल्पना आधी समजून घ्या. ओत्सुका यांचा टेन्सर बलावरचा (कणांच्या स्पिनच्या दिशेवर अवलंबून असणाऱ्या बलावरचा) २००५ नंतरचा विचार त्यापुढे वाचलात तर डोक्यात बसतो.

अशी केंद्रकं मिळतात कुठून? युरेनियम-२३५ मध्ये ९२ प्रोटॉनांना १४३ न्यूट्रॉन, म्हणजे प्रोटॉनामागे दीडहून जास्त. स्थिर झिर्कोनियम-९० ला सव्वाच पुरतात. म्हणून युरेनियम फुटलं की तुकड्यांकडे न्यूट्रॉन उरतात आणि झिर्कोनियम-१०० आपोआप तयार होतं. अडचण इतकीच की त्याच वेळी शेकडो प्रकारचे तुकडे तयार होतात आणि सगळ्यांच्या गॅमा किरणांच्या रेषा एकाच स्पेक्ट्रममध्ये येऊन पडतात. त्यातून वाट काढायची ती कोइन्सिडन्सने, म्हणजे एकाच क्षणी आलेले किरण जोडून पाहून. २१३ वर गेट लावला, म्हणजे ती रेषा आली तेवढेच क्षण निवडले, की त्याच क्षणी आलेल्या रेषाच उरतात : झिर्कोनियमचीच ३५२ आणि जोडीदार तुकड्याच्या. ९२ तून ४० गेले की ५२ उरतात, म्हणजे टेल्युरियम. त्यातल्या टेल्युरियम-१३४ ची १२७९ ची रेषा मी पहिल्यांदा स्वतः गेट लावून वर आणली, तेव्हा रात्रीचे साडेतीन वाजले होते. मी उठून कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारून आले.

डिटेक्टरशी ओळख मात्र घरूनच झाली होती. आमच्या घरी केळी आहे. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी गोठ्याशेजारच्या खोलीतल्या पोत्यातून किलोभर पोटॅश पिशवीत भरून घेतलं. आई अमळनेरकडची, तिने दारातच अडवलं, ‘पोटॅश ते शेतमा टाकतस, तू कोठे लई चालनी व?’ प्रयोगशाळेत ती पिशवी सोडियम आयोडाइड डिटेक्टरपुढे ठेवली, भोवती शिशाच्या विटा रचल्या आणि रात्रभर मोजणी चालू ठेवली. सकाळी १४६१ केईव्हीवर रुंद, पण स्पष्ट शिखर उभं होतं : पोटॅशियम-४०. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये ते ०.०१२ टक्केच असतं आणि अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षांचं, तरी शेतातलं खत डिटेक्टरला दिसतं. हा प्रयोग आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजात करता येतो, जरूर करा. पुढे जर्मेनियम डिटेक्टरवर हीच रेषा सुईसारखी बारीक दिसली की रिझोल्यूशन या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

एक चूकही सांगते, कारण ती तुम्हीही कराल. क्लोव्हर डिटेक्टरमध्ये जर्मेनियमचे चार स्फटिक असतात आणि त्यांची बेरीज घ्यायची असते. एका प्रयोगात मला एका रेषेशेजारी दोन केईव्हीवर दुसरी रेषा दिसली. नवी आहे असं धरून मी आठवडाभर लेव्हल स्कीम (ऊर्जापातळ्यांचा नकाशा) रचत बसले. प्रत्यक्षात एका स्फटिकाचा गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) मध्यरात्रीनंतर सरकला होता. युरोपियम-१५२ चं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या माहीत असलेल्या रेषांवरून मोजपट्टी लावणं, मी फक्त प्रयोगाच्या सुरुवातीला घेतलं होतं. तेव्हापासून ते शेवटीही घेते, आणि प्रत्येक रनमध्ये ओळखीची एक रेषा तपासल्याशिवाय पुढे जात नाही. नायट्रोजन भरण्याची वही तर स्वतःच्या हाताने लिहा. उणे १९६ अंशांचा तो द्रव वेळेवर गेला नाही तर डिटेक्टर तापतो आणि मिळालेला बीम टाइम (त्वरकावर प्रयोगासाठी दिलेला वेळ) वाया जातो.

प्रवेशाचं थोडक्यात. एम.एस्सी.नंतर नेट, गेट, जेस्ट यांपैकी दोन तरी परीक्षा द्या. भारतात हे काम मुख्यतः मुंबईची टीआयएफआर, ट्रॉम्बेचं बीएआरसी, दिल्लीचं आययूएसी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी या संशोधन संस्थांभोवती चालतं. विद्यापीठातून नाव नोंदवूनही तिथल्या ‘इंगा’ या क्लोव्हर संचावर प्रयोग करता येतात. लिनक्स आणि सी प्लस प्लस एम.एस्सी.तच शिकून घ्या, रूट आणि रॅडवेअर हे विश्लेषणाचे प्रोग्रॅम पुढे जड जात नाहीत. इंग्रजीचं दडपण घेऊ नका. पेपरातली वाक्यं ठरावीक असतात, तीन महिन्यांत सरावाची होतात. संशोधनात राहायचं नसेल तर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करून कर्करोग रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. तेही तोलामोलाचं काम आहे.

आणि आलेखाचा कागद जपून ठेवलात तर त्यावर क्रिप्टॉनही मांडा. क्रिप्टॉन-९६ मध्येही ६० च न्यूट्रॉन, पण टू प्लस ५५४ वर. झिर्कोनियमसारखा कडा तिथे नाही. चार प्रोटॉन कमी झाल्यावर तो का नाहीसा होतो, हे जी-९/२ वरून स्वतः मांडून बघा आणि मगच गाइडला भेटायला जा.