बर्लिनमधला पहिला महिना: आधी पत्ता, मग बाकी सगळं

मास्टर्ससाठी बर्लिनला येणारी मुलं बॅगेत कुकर आणतात, गोडा मसाला आणतात, क्वचित पोळपाट-लाटणंसुद्धा. आल्यावर कुठलं काम आधी करायचं, हे मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. इथे एक कागद दुसऱ्यावर अडतो, दुसरा तिसऱ्यावर, आणि सगळ्यांच्या मुळाशी असतो तुमचा पत्ता. म्हणून पत्त्यापासून सुरुवात करू. विमानतळावरची एक गोष्ट तेवढी आधी सांगतो.

इथे लोकल-बसच्या तिकिटांचे ए, बी आणि सी असे तीन झोन आहेत. विमानतळ सी झोनमध्ये आहे, त्यामुळे एबी नव्हे, एबीसी तिकीट काढा. स्टेशनवर ना गेट, ना फाटक, त्यामुळे सगळं फुकटच आहे असं वाटतं. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड ६० युरो असतो. कागदी तिकीट काढलं असेल तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट हे तिकीट धरत नाहीत.

१. खोली घेताना एकच प्रश्न आधी विचारा

‘इथे आन्मेल्डुंग करता येईल का?’ आन्मेल्डुंग म्हणजे तुम्ही या पत्त्यावर राहता याची सरकारी नोंद. पोटभाड्याने खोली देणारे पुष्कळ जण यालाच नाही म्हणतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी फार तर दोन-चार आठवड्यांपुरती घ्या.

भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्ट’ म्हणजे नुसतं भाडं आणि ‘वार्म’ म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. तुलना नेहमी वार्मची करा. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असा मेल आला की तो वाचायचीही तसदी घेऊ नका. विद्यार्थी वसतिगृहासाठी मात्र प्रवेशपत्र हातात पडल्याच्या दिवशीच अर्ज करा. तिथली रांग महिनोन्महिने हलत नाही.

२. पत्रपेटीवर नाव लावा

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण मला सगळ्यात जास्त मनस्ताप हिनेच दिला. इथल्या इमारतींत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव असतं आणि पोस्टमन तेच बघतो. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं, कारण पेटीवर जुन्याच भाडेकरूचं नाव होतं. पहिल्याच संध्याकाळी घरमालकाला विचारून आडनावाची चिठ्ठी चिकटवा. पोटभाडेकरू असाल तर पत्त्यात मूळ भाडेकरूचं आडनावही लिहा.

३. आन्मेल्डुंग

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ब्युर्गरआम्ट, म्हणजे नागरी सुविधा कार्यालयात, ही नोंद करायची असते. शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं, घराजवळचंच हवं असं नाही. ऑनलाइन वेळ मिळणं हीच खरी लढाई. सकाळी पुन्हा पुन्हा पान उघडून बघा, कुणीतरी रद्द केलेली वेळ मिळून जाते. तारीख उशिराची मिळाली तर बुकिंगची प्रत जपून ठेवा.

सोबत पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही करून दिलेलं राहण्याचं पत्र न्या. त्या पत्राचं जर्मन नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. ते एका दमात म्हणता आलं तर भाषेची निम्मी परीक्षा पास झालात असं समजा.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती मुलांनी तो विचार करून भरावा. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं, की पुढे कमाईवर आयकर लागू झाल्यावर त्या कराच्या ९ टक्के चर्च कर वेगळा कापला जातो.

यानंतर पत्रांची रीघ लागते. टॅक्स क्रमांक येतो, तो पार्टटाइम नोकरीला लागतो. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येतं: महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. पण ही वर्गणी घरामागे एकच असते. फ्लॅटमधलं आणखी कुणी भरत असेल तर तसं कळवा. पत्र कचऱ्यात टाकू नका.

४. पैसे आणि विमा

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो ठेवलेले असतात. त्यातून महिन्याला ९९२च सुटतात, तेही इथलं चालू खातं जोडल्यावर. डिपॉझिट आणि पहिलं भाडं त्यात बसत नाही, तेव्हा ती रक्कम वेगळी आणा.

विम्याशिवाय विद्यापीठातली नावनोंदणी पूर्ण होत नाही. वय तिशीच्या आत असेल तर सरकारी आरोग्य विमाच घ्या. स्वस्त खासगी विम्याच्या मोहाने सरकारी विम्यातून सूट घेतली, तर तो कोर्स संपेपर्यंत परत फिरता येत नाही. व्हिसाची मुदतही आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. रहिवासी परवान्याचा ऑनलाइन अर्ज ती संपण्याआधी गेला पाहिजे.

५. पोटाचं

रविवारी दुकानं बंद. शनिवारी उतरलात तर दूध-ब्रेड तेव्हाच घ्या. अगदीच अडलात तर मुख्य स्टेशनमधली दुकानं उघडी असतात. सुपरमार्केटात ‘ग्रीस’ नावाचं पाकीट दिसेल, तोच आपला रवा. म्हणजे पहिल्या रविवारच्या उपम्याची सोय झाली. मसूर डाळ, कोथिंबिरीची भली मोठी जुडी आणि किलोच्या डब्यातलं घट्ट दही तुर्की दुकानात मिळतं. ते दही फडक्यात टांगलं की चक्का झकास होतो. तूरडाळ आणि पोह्यांसाठी मात्र भारतीय दुकान गाठावं लागतं. मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. तिथे उशिरा जा, बाजार उठता उठता भाजी स्वस्त होते. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका, दुकानातल्या यंत्रात टाकल्या की एकेका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात.

६. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

त्या दिवशी घड्याळं एक तास मागे जातात आणि भारत साडेतीनऐवजी साडेचार तास पुढे होतो. डिसेंबरात तर दुपारी चारच्या आतच अंधारून येतं. संध्याकाळी सातला खोलीवर येऊन फोन लावलात, तर तिकडे साडेअकरा वाजलेले असतात आणि आईचा पहिला प्रश्न ‘एवढ्या रात्री? बरा आहेस ना?’ हाच असतो. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवता जेवता फोन करा, तेव्हा घरी संध्याकाळच्या चहाची वेळ असते.