जुनी गाडी दारात येण्याआधी

आधी जागा बघा, गाडी नंतर. जागेला छप्पर हवं, ती कोरडी हवी, आणि गाडीच्या चारही बाजूंनी खाली बसून काम करता आलं पाहिजे. प्लास्टिकचं कव्हर आणू नका. त्यात ओल कोंडते आणि पत्र्याखाली गंज धरतो, म्हणून हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या. उंदरांचा बंदोबस्तही आत्ताच करून ठेवा, कारण जुन्या वायरींचं कापडी वेष्टण आणि सीटमधलं भरण त्यांना फार आवडतं.

मग कोणती गाडी घ्यायची ते ठरवा. इथे मन रंगावर जातं, पण बघायचे असतात सुटे भाग. फोर्डची मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटी बनली, त्यामुळे तिचे कितीतरी भाग आजही नव्याने तयार होतात. मोजक्याच बनलेल्या एखाद्या गाडीचा एक दात तुटलेला गिअर मात्र लेथवर नव्याने घडवून घ्यावा लागतो, आणि तोवर ती महिनोन्महिने उभीच राहते. पहिलीच जुनी गाडी असेल तर दुर्मीळपणाच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बघायला जाताना खिशात एक छोटं लोहचुंबक आणि टॉर्च असू द्या. चुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. पत्रा लोखंडी असूनही ते जिथे धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. खूप जुन्या गाड्यांत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो. दार उघडून हळूच वर उचला. ते खाली लोंबत असेल तर बिजागरी तरी झिजली आहे किंवा खांब तरी कुजला आहे. इंजिन जाम असलं तरी विचार करता येईल, पण सांगाडा कुजका असेल तर चहा पिऊन परत या. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून कागदांशी ताडून बघा. विमा उतरवताना गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून घ्या, नाहीतर नुकसान झाल्यावर जुनी म्हणून तिला भंगाराचा भाव लागू शकतो.

गाडी आली की लगेच फिरायला काढू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते नवं भरा आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला. टायरची नक्षी शाबूत असली तरी त्याचं वय बघा. बाजूवर 2318 असेल तर तो 2018च्या 23व्या आठवड्यातला, आणि तीनच आकडे असतील तर गेल्या शतकातला, म्हणजे काढून टाकायचा. पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, तेव्हा इंधनाच्या नळ्या नव्या टाका. बॅटरी 6 व्होल्टची आहे की 12ची, आणि चासीला धन टोक जोडलंय की ऋण, हे पाहिल्याशिवाय वायर लावू नका. गाडी ब्रिटिश असेल तर नेहमीचे पाने तिच्या नटांना बहुधा बसणार नाहीत, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा संच लागू शकेल.

आता चालवायचं. सवयीने पाय जिथे जातो तिथे हवं ते सापडेलच असं नाही. मॉडेल टीमध्ये मधलं पेडल मागे जाण्याचं आणि उजवं ब्रेकचं. तो ब्रेकही चाकांवर नाही, गिअरपेटीतल्या ड्रमवर लागतो, म्हणून पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायची सवय करा. ॲक्सिलरेटर म्हणजे स्टिअरिंगखालची दांडी, आणि दुसऱ्या बाजूची दांडी इंजिनात इंधन पेटवणाऱ्या ठिणगीची वेळ पुढेमागे करते. इंजिन सुरू करायला समोरून हँडल मारण्याआधी ती ठिणगी मागे घ्या, म्हणजे उशिरा पडू द्या, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल खालून वर ओढा. इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. 1912च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ आला त्याचं अप्रूप तेव्हा उगाच वाटलं नसेल. पण इंजिन पेटल्यावर कान देऊन दांडी केसभर सरकवावी आणि अडखळणारा आवाज एकदम सलग व्हावा, हे नव्या गाडीत मिळत नाही. तिथे ते काम संगणक परस्पर उरकतो. लोक इतका त्रास काढतात तो बहुधा यासाठीच.

अग्निशामक हाताशी ठेवा, बोनेटखाली नको.

पहिल्या रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग वाचा. पुढे रेडिएटरखाली ओल असेल तर पाणी गळतंय, मध्ये काळा डाग असेल तर इंजिन ऑइल, आणि तेवढं तर बहुतेक जुन्या गाड्या गाळतातच. हायड्रॉलिक, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या गाडीत चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट डाग दिसला, तर मात्र चावी खिशात ठेवा आणि आधी ते चाक उघडा.