वही मिटा आणि आठवा

बारावीपर्यंत सर फळ्यावर लिहून द्यायचे, आपण उतरवून घ्यायचो. कॉलेजात सर नुसते बोलत राहतात आणि पहिल्या वर्षाची मुलं तिथेच गडबडतात. कोरेगाव, वाई, मेढ्याहून साताऱ्याला एसटीने येणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: परतीचा प्रवास वाया घालवू नका.

वहीच्या डावीकडे चार बोटं समास सोडा. तासाला उजवीकडे मुद्दे लिहा, शब्दन् शब्द नको. गाडीत बसलात की वही न उघडता आज काय झालं ते आठवा. आठवेना म्हणून लगेच वही काढू नका. दोन मिनिटं डोक्याला ताण द्या, खरा अभ्यास तिथेच होतो. मग वही उघडून समासात फक्त प्रश्न लिहा. सकाळच्या गाडीत उजवी बाजू हाताने झाकायची आणि मनातल्या मनात उत्तरं द्यायची.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच सर्वांत वेगाने निसटतं. म्हणून हे रविवारवर ढकलू नका.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी प्रश्न बिनधास्त मराठीत लिहावा, संज्ञा तेवढी इंग्रजी: ‘ऑस्मोसिस: पाण्यात टाकलेला बेदाणा का फुगतो?’ अर्थ पक्का झाला की इंग्रजी वाक्य जमायला लागतं.

आणि गर्दीत उभं राहावं लागलं, तरी दांडा धरून आठवता येतंच.