सुतारकामाच्या टेबलाचा पृष्ठभाग हातरंध्याने सपाट कसा करावा

नागपुरात हे काम मे महिन्यात किंवा ऐन पावसाळ्यात काढू नये. पारा ४५ अंशांपुढे गेला की सागाची फळी रुंदीत आकसते आणि पावसाळ्यात पुन्हा फुगते. म्हणून दिवाळीच्या आसपास रंधा हाती घेतलेला बरा. कूलरचा ओलसर झोत टेबलावर येत असेल, तर तोही आधी वळवावा, कारण वरचीच बाजू फुगली की मधोमध उंचवटा येतो.

टेबल डगमगत असेल तर पायाखाली पाचर द्यावी आणि खिळे, स्क्रू, वाळलेला फेविकॉल काढून टाकावा. एका खिळ्याने पात्याची धार जाते.

आता पीळ, म्हणजे टेबलाचे चारही कोपरे एका पातळीत आहेत की नाहीत, ते पाहावे. बहुतेक जण ही पायरी टाळतात आणि मग दिवसभर रंधा मारूनही टेबल वाकडेच राहते. दोन फूट लांबीच्या दोन सरळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या टेबलाच्या दोन्ही टोकांना आडव्या, पण कडेवर उभ्या ठेवून, डोळा जवळच्या पट्टीच्या कडेशी आणून पाहावे. पलीकडच्या पट्टीचे उजवे टोक वर दिसले, तर पलीकडचा उजवा आणि अलीकडचा डावा असे दोन कोपरे उंच आहेत. त्यांवर पेन्सिलीने रेघोट्या माराव्यात आणि आधी तेवढेच उतरवावेत.

त्यानंतर सगळ्या पृष्ठभागावर पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि पाते थोडे जास्त बाहेर काढून रंधा लाकडाच्या रेषांना आडवा चालवावा. असे केल्याने लाकूड भराभर निघते, पण पलीकडची कड उचकटते, म्हणून ती कड आधीच तिरपी छिलून घ्यावी. पेन्सिलीच्या खुणा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या की दोन्ही कर्णांच्या दिशेने फिरावे आणि शेवटी लांब रंध्याचे पाते अगदी कमी बाहेर ठेवून रेषांच्या दिशेने चालावे. तळाला मेणबत्ती घासली तर रंधा हलका सरकतो.

सरळ पट्टीखाली कुठे साधा कागद सरकला तरी एवढ्यावर थांबायला हरकत नाही. लाकूड पकडणाऱ्या शिकंज्याजवळचा आणि पुढच्या कडेचा भाग मात्र काटेकोर हवा, कारण खरे काम तिथेच होते.

वर आणि खाली, दोन्ही बाजूंना जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून ठेवू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात, म्हणून त्या मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात.