करवंटीच्या निखाऱ्यांवरची इस्त्री

कोळशाच्या इस्त्रीला करवंटीचा निखारा सगळ्यात चांगला. राख कमी होते, आच जास्त वेळ टिकते. फक्त करवंटी खडखडीत वाळलेली आणि काथ्या खरवडून काढलेली हवी. ओलसर राहिली तर धुराने पांढऱ्या कपड्यावर पिवळट डाग पडतात.

तुकडे चुलीत पेटवा. ज्वाळा पूर्ण बसली, निखाऱ्यावर राखेचा पातळ पापुद्रा आला, की चिमट्याने इस्त्रीत भरा. निम्म्याहून थोडे वर, काठोकाठ नको. झाकणाची कडी अडकवाच. दहाएक मिनिटांनी इस्त्री अंगणात नेऊन भोकांतून सैल राख फुंका, नाहीतर तीच धुवट शर्टावर सांडते. मग तळावर पाण्याचा थेंब टाका. चर्र करून लगेच उडाला, तर सुती कपड्याला ताव बरोबर. टेरिकॉट मात्र या तावाला आकसते. त्यावर ओला पंचा घालूनच फिरवा.

पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून घेऊन हे काम कधीच करू नका. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो, तो जीव घेतो.

शेवटी राख पूर्ण झटका. खाऱ्या दमट हवेत ती ओल धरते. लोखंडी पेटी गंजते, पितळी कळकते.