शाळेतला ओला कचरा पावसाळ्यात जिरवायचा कसा

पाच जूनला एक रोप, एक फोटो आणि मागे 'पर्यावरण वाचवा' छापलेला पीव्हीसीचा फ्लेक्स. पालक म्हणून शाळेसाठी एवढंच करायचं असेल तर पुढचं वाचू नका. ते रोप फेब्रुवारीत पाण्यावाचून वाळतं आणि फ्लेक्स कुणाच्या तरी लाकडांवर झाकण म्हणून जातो.

सोपी कामं आधी उरका. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठराव घेऊन तो लिहून ठेवा, नाहीतर मुख्याध्यापक बदलले की सगळं पहिल्यापासून. ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या बादल्या वेगळ्या ठेवा. सुका कचरा धुऊन, वाळवून पंचायतीच्या गाडीला द्या. वाढदिवसाला थर्माकोलची सजावट आणि प्लॅस्टिकचे चमचे नकोत. १ जुलै २०२२ पासून त्यांवर देशभर बंदीच आहे. झालं.

आता ओला कचरा. घरच्या खताचे सल्ले शाळेत चालत नाहीत, कारण इथे भाजीची सालं नसतात. आपल्याकडे गोव्यात माध्यान्ह आहारात भाजी-पाव येतो आणि उरते ती तेला-मिठाची, पाणीदार भाजी आणि बुरसणारे पाव. म्हणून पहिल्यांदा उरणंच कमी करा. वाढणाऱ्या बायांना सांगा, आधी अर्धा डाव वाढा, मागितली तर परत द्या. आमच्याकडे एवढ्यानं बादलीची अर्धी बादली झाली.

ती अर्धी बादली जिरवण्यात मी एक अख्खा पावसाळा वाया घालवला. कुणीतरी सांगितलं, खड्डा खणा. खणला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची विहीर झाली. पाणी भरलं की हवा जाते, हवा गेली की खत होत नाही, नुसतं सडतं. वास पहिलीच्या वर्गापर्यंत पोचला आणि मुलं नाक धरून प्रार्थना म्हणायला लागली. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. इथे खड्डा सुचवणाऱ्यानं स्वतः पावसाळ्यात तो कधी उपसलेला नसतो.

टाकी जमिनीवर हवी. चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, बिनगिलाव्याचे रचा, दोन चिऱ्यांमध्ये दोन बोटं फट सोडा, तळाला नारळाची सोडणं (वरची चोडं) अंथरा. उंची मुलाच्या कमरेएवढी. वर पत्रा, आणि तो पश्चिमेला हातभर पुढे, कारण झड तिकडूनच येते. अशा टाक्या दोन बांधा: एक भरत असते तेव्हा दुसरी मुरते.

टाकी बांधूनही पुढच्या जुलैत पुन्हा वास आला. तेव्हा कळलं, माझं चुकलं होतं ते फेब्रुवारीत. एक बादली उष्ट्याला तीन बादल्या सुका पातेरा, म्हणजे झाडाखाली पडलेली वाळकी पानं, लागतो आणि जुलैत सुका पातेरा अख्ख्या गावात मिळत नाही. तो माघ-फाल्गुनात पडतो, तेव्हा आपण तो जाळतो. हिशेब करा. रोज अर्धी बादली उष्टं म्हणजे दीड बादली पातेरा. पावसाळ्यातले शाळेचे ऐंशी दिवस धरले तर १२० बादल्या. दाबून भरलेल्या तांदळाच्या पोत्यात चार बादल्या मावतात, म्हणजे तीस पोती. ती मार्चअखेर भरून तयार नसतील तर जूनमध्ये टाकी सुरूच करू नका, ऑक्टोबरपर्यंत थांबा. हे मी हट्टानं सांगते.

काजू, फणस, आंब्याची पानं चिवट असतात. पोत्यात भरण्याआधी मुलांना त्यांवर नाचू द्या. माडाची झावळं घालू नका, वर्षभर तशीच राहतात. पोती व्हरांड्यात फळीवर ठेवा. जमिनीवरच्या ढिगात साप येऊन बसतो, आमच्याकडे एकदा बसला होता. पातेऱ्यात मुलांचा हात नको, दंताळंच.

रोज उष्टं घातलं की लगेच वर पातेरा, आठवड्यातून एकदा वरखाली. मूठभर खत पिळून पाहा. एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पातेरा वाढवा. त्यावर बाजारातली कुठलीही पावडर शिंपडायची गरज नाही. सुरुवातीला आंबट ताक आणि शेणकाला पुरतो. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या आपलंच काम करताहेत. डब्यातले माशांचे काटे मात्र आत जाऊ देऊ नका, रात्री कुत्री पत्रा पाडतात.

चतुर्थीच्या सुट्टीआधी वर हातभर पातेरा घालून टाकी झाका. सुट्टी संपली की शेजारीपाजारी माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या आराशीची, पानं-फळं आणून देतील. ती घ्या, पण बांधलेली सुतळी आधी तपासा. केवणीचा (रानझाडाच्या सालीचा) दोर असेल तर तोही आत जाऊ दे. प्लॅस्टिकची असेल तर ज्यानं आणली त्यालाच सोडवायला बसवा.